वेबसाइटची राखण : लेखांक ९ – सही खरी, विनंती खोटी

‘सीरियसली सिंपल पॉडकास्टिंग’ हे वर्डप्रेसवर चालणाऱ्या वेबसाइटला पॉडकास्टची सोय करून देणारे प्लगइन. त्यातला एक दोष २०२२ मध्ये सीव्हीई-२०२२-४०१३२ या क्रमांकाने सार्वजनिक नोंदीत आला. ती नोंद जेमतेम एका ओळीची आहे. २.१६.० आणि त्याआधीच्या आवृत्त्यांत ‘क्रॉस-साइट रिक्वेस्ट फोर्जरी’, म्हणजे परक्या साइटवरून बनावट विनंती घडवून आणण्याचा दोष आहे आणि त्यातून प्लगइनच्या सेटिंग्ज बदलता येतात, इतकेच ती सांगते. या प्रकारात पासवर्ड फुटत नाही, सर्व्हरमध्ये कोणी शिरत नाही आणि कुठली फाइलही चोरीला जात नाही. साइटचा चालकच, स्वतःच्या ब्राउझरमधून, स्वतःच्या अधिकाराने तो बदल करतो. फक्त आपण तो केला हे त्याला ठाऊक नसते.

याचे मूळ ब्राउझरच्या एका सवयीत आहे. वेबवरची प्रत्येक विनंती सुटी असते. एकच माणूस लागोपाठ दहा पाने मागतो, तेव्हा ती दहाही पाने एकाच माणसाने मागितली हे सर्व्हरला आपोआप कळत नाही. ही अडचण सोडवण्यासाठी १९९४ मध्ये नेटस्केप कंपनीत लू माँटुली यांनी कुकीची कल्पना वेबवर आणली. लॉगइन झाले की सर्व्हर ब्राउझरला एक चिठ्ठी देतो आणि त्या साइटकडे जाणाऱ्या पुढच्या प्रत्येक विनंतीला ब्राउझर ती चिठ्ठी न विचारता जोडतो. वर्डप्रेसमध्ये ही चिठ्ठी साधारण दोन दिवस चालते. लॉगइन करताना ‘रिमेंबर मी’ या चौकटीत खूण केली असेल तर चौदा दिवस.

कुकी जोडायची की नाही हे ब्राउझर विनंती कुठे चालली आहे ते पाहून ठरवत असे. ती कुठून निघाली, कोणत्या पानाने ती निघायला लावली, याच्याशी त्याला देणेघेणे नव्हते. बँकेच्या साइटवरचे बटण दाबून निघालेली विनंती आणि भलत्याच एखाद्या पानावरच्या लपवलेल्या फॉर्मने बँकेकडे धाडलेली विनंती, दोन्हींवर तीच कुकी चिकटे. ही विनंती कोणाच्या नावाने आली ते सर्व्हरला कळते. त्या माणसाला ती खरोखर करायची होती का, हे त्याला कळत नाही.

पॉडकास्ट प्लगइनच्या बाबतीत हल्ला असा घडतो. प्लगइन मोफत आणि खुले असल्यामुळे सेटिंग्ज साठवणारा फॉर्म कसा आहे, त्यात कोणत्या नावांचे रकाने आहेत आणि तो कोणत्या पत्त्यावर जातो, हे कोणालाही वाचता येते. हल्लेखोर तसाच फॉर्म आपल्या पानावर उभा करतो, रकान्यांत आपल्याला हवी ती माहिती भरतो, फॉर्म दिसणार नाही अशी व्यवस्था करतो आणि पान उघडताच तो आपोआप पाठवला जाईल अशी दोन ओळींची स्क्रिप्ट जोडतो. मग पॉडकास्ट चालवणाऱ्याला एक ईमेल जातो: तुमच्या ताज्या भागावर आम्ही लिहिले आहे, जरूर वाचा. चालक नुकताच नवा भाग चढवून बसलेला असतो, वर्डप्रेसचा डॅशबोर्ड दुसऱ्या टॅबमध्ये उघडाच असतो. तो दुव्यावर टिचकी मारतो. फॉर्म त्याच्या ब्राउझरमधून त्याच्याच साइटकडे जातो, त्याची कुकी घेऊन जातो, आणि सर्व्हर सेटिंग्ज साठवून टाकतो.

एक गोष्ट हल्लेखोराला जमत नाही. साइटने दिलेले उत्तर त्याला वाचता येत नाही, कारण एका साइटवरच्या स्क्रिप्टला दुसऱ्या साइटचा मजकूर वाचू द्यायचा नाही हा नियम ब्राउझर पाळतो. म्हणून या मार्गाने माहिती सहसा चोरली जात नाही, कृती करवून घेतली जाते. पुढे येणारा बचाव याच मर्यादेवर उभा आहे.

हा घोटाळा वेबपेक्षा जुना आहे. नॉर्म हार्डी यांनी १९८८ मध्ये ‘कन्फ्यूज्ड डेप्युटी’, म्हणजे गोंधळलेला कारभारी, या नावाने त्याचे वर्णन केले. टाइमशेअर कंपनीच्या संगणकावर फोरट्रान भाषेचा एक कंपायलर होता. वापराची आकडेवारी नोंदवता यावी म्हणून त्याला एका खास डिरेक्टरीत लिहिण्याची मुभा होती आणि ग्राहकांच्या बिलांची फाइलही त्याच डिरेक्टरीत होती. कंपायलरचा तपशील कोणत्या फाइलमध्ये उतरवायचा ते वापरणाऱ्याने सांगायचे असे. कोणीतरी तिथे बिलांच्या फाइलचेच नाव दिले. त्या माणसाला ती फाइल बदलण्याचा अधिकार नव्हता, पण कंपायलरला होता. त्याने बिलांवर आपला तपशील लिहून टाकला. अधिकार एकाचा, इच्छा दुसऱ्याची आणि दोन्ही एकाच हातात, अशी ही गाठ आहे. ब्राउझर हा असाच कारभारी आहे.

वेबवरच्या या प्रकाराला २००१ मध्ये पीटर वॉटकिन्स यांनी आजचे नाव दिले. पुढची काही वर्षे त्याकडे फारसे लक्ष गेले नाही. २००८ मध्ये प्रिन्स्टन विद्यापीठातील विल्यम झेलर आणि एडवर्ड फेल्टन यांनी चार मोठ्या साइटवर हा दोष दाखवून दिला: आयएनजी डायरेक्ट ही बँक, यूट्यूब, न्यूयॉर्क टाइम्स आणि मेटाफिल्टर. बँकेच्या बाबतीत तर ग्राहकाच्या खात्यातून पैसे बाहेर काढता येत होते. ओवॅस्प या संस्थेच्या दहा प्रमुख धोक्यांच्या यादीत २००७, २०१० आणि २०१३ मध्ये या दोषाला स्वतंत्र जागा होती. २०१७ च्या यादीतून तो वगळला गेला, कारण तोवर बहुतेक प्रचलित फ्रेमवर्कमध्ये बचाव आधीपासूनच बसवलेला असे. प्लगइनच्या जगात मात्र प्रत्येक लेखक आपला फॉर्म आपल्या हाताने लिहितो, त्यामुळे तिथे हा दोष अजून नेमाने सापडतो.

‘सेटिंग्ज बदलता येतात’ हे शब्द वाचून दोष किरकोळ वाटतो. अशा दोषांना गंभीरतेच्या मोजपट्टीवर मधली श्रेणी मिळते, कारण हल्ला साधण्यासाठी बळी पडणाऱ्याने काहीतरी उघडावे लागते. पण पॉडकास्टच्या बाबतीत सेटिंग्ज म्हणजे काय, हे या मोजपट्टीत पुरेसे उतरत नाही.

पॉडकास्ट हे मुळात एका फीडचे नाव आहे. आरएसएस या साध्या मजकुरी फाइलमध्ये कार्यक्रमाचे नाव, वर्णन, मुखचित्र, मालकाचा ईमेल आणि प्रत्येक भागाच्या ऑडिओ फाइलचा पत्ता असतो. ऑडिओचा पत्ता सांगणारी ‘एन्क्लोजर’ ही खूण २००० मध्ये डेव्ह वायनर यांच्या आरएसएस ०.९२ या आवृत्तीत आली. जून २००५ मध्ये ॲपलने आयट्यून्स ४.९ मध्ये पॉडकास्टची यादी आणली, तेव्हा ती उभी राहिली ती याच फीडवर. ॲपलची यादी ऑडिओ स्वतःकडे साठवत नाही. ती फीडचा पत्ता लक्षात ठेवते, ठरावीक वेळाने तो वाचते आणि त्यात जे सापडेल ते श्रोत्यापुढे मांडते. श्रोत्याच्या फोनवरचे ॲप वेबसाइट बघत नाही, फीड बघते. आणि वर्डप्रेसवर फीड तयार करण्याचे काम प्लगइन करते, ते आपल्या सेटिंग्ज वाचून.

म्हणजे सेटिंग्जमध्ये फिरवलेले एक वाक्य प्रत्येक श्रोत्याच्या फोनपर्यंत जाते. मुखचित्र आणि नाव बदलणे ही नाचक्की झाली; त्याहून खोल जाणारे रकाने दोन आहेत. पहिला मालकाच्या ईमेलचा. हा कार्यक्रम माझाच आहे असा दावा करणाऱ्याची खातरजमा करण्यासाठी स्पॉटिफायसारख्या सेवा फीडमधल्या ईमेलवर कोड पाठवत आल्या आहेत. तो ईमेल दुसऱ्याचा झाला तर कोडही दुसऱ्याकडेच जाईल. दुसरा रकाना फीड हलवण्याचा. एका होस्टकडून दुसऱ्याकडे जाताना जुने श्रोते तुटू नयेत, म्हणून फीडमध्ये नवा पत्ता सांगणारी खूण घालण्याची सोय असते. सीरियसली सिंपल पॉडकास्टिंगमध्ये हा पर्याय साठवला की सर्व सेवांना पत्ता बदलल्याचे कळवले जाते आणि ४८ तासांनंतर जुने फीड कायमचे नव्या पत्त्याकडे वळवले जाते. ही सोय प्रामाणिक माणसासाठी अतिशय उपयोगाची आहे, आणि म्हणूनच अशा रकान्यांवर कडक पहारा हवा. वर्षानुवर्षे एकेक करून जमवलेले श्रोते या एका पत्त्याला बांधलेले असतात.

सेटिंग्जमधला मजकूर पानावर दाखवण्यापूर्वी नीट स्वच्छ केला जात नसेल, तर आणखी एक पायरी चढता येते. बनावट विनंतीतून रकान्यात स्क्रिप्ट घुसवली की ती साइटच्या आतूनच चालू लागते. मग वर सांगितलेली ‘उत्तर वाचता येत नाही’ ही मर्यादाही उरत नाही.

बचाव सोपा आहे, आणि वर्डप्रेसमध्ये तो २००६ च्या २.०.३ आवृत्तीपासून आहे. साइट जेव्हा खरा फॉर्म दाखवते तेव्हा त्यात एक लपवलेला रकाना असतो. त्यात दहा अक्षरांचे सांकेतिक चिन्ह असते, त्याला ‘नॉन्स’ म्हणतात. साइट वापरणारी व्यक्ती, तिचे चालू लॉगइन, करायची कृती आणि वेळ यांतून साइटच्या गुप्त किल्लीच्या साहाय्याने ते बनते. फॉर्म परत आला की सर्व्हर हे चिन्ह पडताळतो. हल्लेखोराचे पान सगळे रकाने हुबेहूब उभे करू शकते, पण हे चिन्ह त्याला भरता येत नाही; ते मिळवायला खरे पान वाचावे लागेल आणि ब्राउझर ते वाचू देत नाही. ‘नॉन्स’ या शब्दाचा मूळ अर्थ एकदाच वापरायची संख्या असा असला, तरी वर्डप्रेसमधले चिन्ह पुन्हा वापरता येते. काळाचे बारा-बारा तासांचे टप्पे पाडलेले असतात आणि चालू व आधीचा असे दोन टप्पे ग्राह्य धरले जातात, म्हणून त्याचे आयुष्य बारा ते चोवीस तासांचे असते.

इतका जुना आणि तयार बचाव असताना प्लगइन लिहिणारे चुकतात कुठे? बहुतेकदा दोन वेगळे प्रश्न एक समजले जातात. ‘या माणसाला हा अधिकार आहे का’ हे तपासणारी ओळ लिहिली की काम झाले असे वाटते. पण बनावट विनंती अधिकार असलेल्या माणसाच्याच नावाने येते, त्यामुळे ती या तपासणीतून सहज पार होते. उलटही घडते: नॉन्स तपासला जातो आणि अधिकार तपासायचा राहतो. दोन्ही तपासण्या लागतात. काही नावेही फसवी आहेत. ‘चेक ॲडमिन रेफरर’ हे फंक्शन नावावरून विनंती कोणत्या पानावरून आली ते पाहत असेल असे वाटते. प्रत्यक्षात त्याचा मुख्य भर नॉन्सवर असतो. ‘इज ॲडमिन’ हे तर आणखी घातक, कारण ते माणूस ॲडमिन आहे का हे सांगतच नाही, फक्त पान डॅशबोर्डच्या भागातले आहे का एवढेच सांगते. वर्डप्रेसची ठरीव सेटिंग्ज-पद्धत वापरली तर नॉन्स आपोआप बसतो. दोष शिरतो तो लेखकाने स्वतंत्र बटण किंवा स्वतंत्र फॉर्म जोडला की.

ब्राउझरांनीही आपली सवय थोडी सुधारली आहे. कुकीवर ‘सेमसाइट’ अशी सूचना लिहिता येते आणि ती परक्या साइटवरून निघालेल्या विनंतीबरोबर जायची की नाही ते ठरवते. क्रोमने फेब्रुवारी २०२० मध्ये ८० व्या आवृत्तीपासून, सूचना नसलेल्या कुकीलाही मध्यम कडकपणाचा ‘लॅक्स’ नियम लावायला सुरुवात केली. कोविडच्या काळात अत्यावश्यक साइट बंद पडू नयेत म्हणून एप्रिलमध्ये हा बदल मागे घेतला गेला आणि जुलैपासून पुन्हा लागू झाला. यामुळे लपवलेल्या फॉर्मचा हल्ला क्रोममध्ये बराच अवघड झाला. पण या नियमाला फटी आहेत. कुकी दोन मिनिटांच्या आत मिळालेली असेल तर फॉर्मबरोबर तिला सूट मिळते. साध्या दुव्यावर टिचकी मारून उघडलेल्या पानाबरोबर कुकी जातेच, आणि कितीतरी प्लगइन ‘काढून टाका’ किंवा ‘पुन्हा सुरू करा’ अशा कृती साध्या दुव्यानेच करतात. सगळ्या ब्राउझरांनी हा नियम सरसकट स्वीकारलेलाही नाही. त्यामुळे नॉन्सची जागा तो घेऊ शकत नाही.

साइट चालवणाऱ्याच्या हातात पहिली गोष्ट प्लगइन अद्ययावत करणे ही आहे. ऑगस्ट २०२० च्या वर्डप्रेस ५.५ पासून प्लगइन आपोआप अद्ययावत होऊ देण्याची सोय डॅशबोर्डमध्येच आहे. रोज भाग चढवण्यासाठी ॲडमिनऐवजी संपादकाचे खाते वापरले, तर बनावट विनंतीच्या हाती ॲडमिनचे अधिकार लागत नाहीत. डॅशबोर्डसाठी वेगळे ब्राउझर प्रोफाइल ठेवले, तर ईमेलमधून उघडलेल्या पानाजवळ ती कुकीच नसते. मात्र नवी आवृत्ती दोष बुजवते, आधी झालेला बदल पूर्ववत करत नाही. बनावट विनंतीने बदललेला ईमेल किंवा फीडचा पत्ता डेटाबेसमध्ये तसाच बसून राहतो आणि सर्व्हरच्या नोंदवहीत तो चालकानेच बदलल्यासारखा दिसतो. म्हणून अद्ययावत केल्यावर स्वतःचे फीड ब्राउझरमध्ये उघडून मालकाचा ईमेल, ऑडिओ फाइलींचे पत्ते आणि नव्या पत्त्याची खूण या तीन जागा डोळ्यांनी तपासाव्या लागतात.