आयती शेव, घरची उसळ

"विकतची शेव आणि पाव, हे का रात्रीचे जेवण?" बडोद्याच्या जुन्या मराठी घरांतून हा प्रश्न अजून ऐकू येतो. १७३४ साली शहर गायकवाडांकडे आले, त्यांच्यामागून आपली घराणी आली. सोवळे केव्हाच सुटले. आयत्याचा संकोच मात्र सुटत नाही. पण कचेरीतून सातला परतणाऱ्या सुनेने करावे तरी काय?

शेवउसळ तर या गावचीच. सुके वाटाणे सकाळी भिजत घालून जावे. संध्याकाळी कुकरमध्ये मऊ शिजवून कांदा, टोमॅटो, आले-लसूण यांच्या फोडणीवर टाकावे. बाजारचा गरम मसाला खुशाल वापरावा. थोडे वाटाणे डावाने ठेचले की रस्सा दाटतो. मीठ हात राखून, कारण शेवेतही ते असतेच. जाड शेव पानात वाढतानाच घालावी. पातेल्यात घातली तर दहा मिनिटांत लगदा!

आमच्या सासूबाईंनी पहिल्या दिवशी दहीभातच मागून घेतला होता. आता बुधवारी सकाळी त्याच विचारतात, "वाटाणे भिजवलेस का ग?" पाव मात्र त्यांना अजून नको, त्यांच्या दोन पोळ्या मी सकाळीच करून ठेवते.