बर्फातली माकडं आणि ते गरम पाण्याचं कुंड

ते रील तुम्ही पाहिलंच असेल. चहूकडे बर्फ, आणि लाल तोंडाचं माकड गरम पाण्यात डोळे मिटून बसलंय. जागा जपानच्या नागानो प्रांतातली, नाव जिगोकुदानी. रील भारी आहे, पण ते बघून वाटतं की ही माकडं गरम पाण्यामुळे तगतात. खरं तर जपानमधल्या बहुतेक माकडांच्या नशिबात कुंड नसतंच.

होन्शू बेटाच्या उत्तर टोकाला शिमोकिता द्वीपकल्प आहे. माणूस सोडला तर जगात सगळ्यात उत्तरेला राहणारे प्रायमेट हेच. तिथे कामाला येतं ते शरीर. प्रदेश जितका थंड, तितके केस दाट. उत्तरेकडची माकडं वजनालाही जास्त, कारण मोठं शरीर हळू गार होतं. पातेल्यातला चहा कपातल्या चहाआधी गार होतो का कधी? आणि शेपूट बघा. आपल्या घाटातल्या माकडाची शेपूट जवळपास अंगाएवढी लांब, याची जेमतेम 10 सेंटिमीटर. उघडी शेपूट म्हणजे ऊब वाया.

खाण्याचं गणित मला सगळ्यात आवडलं. शरद ऋतूत फळं, ओकची बियाणं खाऊन चरबी साठवायची. हिवाळ्यात उरतात झाडांची साल आणि कळ्या, त्यात पोट भरतं पण ताकद मिळत नाही. मग फिरणं कमी. थोडक्यात, चार्जर नाही, मार्चपर्यंत बॅटरी पुरवायची.

आणि थंडी वाढली की सगळे एकमेकांना चिकटून बसतात. जपानीत याला ‘सारुदांगो’ म्हणतात, सारु म्हणजे माकड आणि दांगो म्हणजे तांदळाच्या पिठीचे गोळे. पण या गोळ्यात कोणालाही जागा मिळत नाही हां. नातं लागतं, ओळख लागते.

आता कुंडाकडे येऊ. 1963 मध्ये एक तरुण मादी पाण्यात उतरताना दिसली, हळूहळू बाकीच्यांनी तिचं बघून सवय लावून घेतली. 2018 मध्ये क्योतो विद्यापीठाच्या संशोधकांनी 12 माद्यांची विष्ठा तपासली. डुंबणाऱ्या माद्यांमध्ये ताणाचं हार्मोन कमी निघालं, म्हणजे फायदा आहेच. पण कुंडात जास्त वेळ बसायला मिळतं ते टोळीत वजन असलेल्या माद्यांना. तिथेही वशिला!

शिवाय उद्यानात त्यांना धान्य टाकतात, म्हणून ती रोज खाली येतात. संध्याकाळी टोळी डोंगरात परत जाते आणि रात्र तिथेच, थंडीत काढते.