चार गोलांची कर्णधार

३११ आंतरराष्ट्रीय सामने आणि गोल किती? फक्त ४!

अमेरिकेच्या महिला फुटबॉल संघाची कर्णधार ख्रिस्टी रॅम्पोन हिचा हा हिशेब मी शेजारच्या वहिनींना सांगितला, तर त्या पटकन म्हणाल्या, "अगंबाई, मग ती मैदानावर करायची काय?"

मैत्रिणींनो, हा प्रश्न ओळखीचा वाटला ना? 'दिवसभर घरीच तर असतेस, करतेस काय?' हा त्याचाच भाऊ! ख्रिस्टी होती बचावपटू. समोरच्या संघाला गोल करू द्यायचा नाही, हे तिचं काम. झालेला गोल फलकावर दिसतो, टाळलेला गोल कुठेच दिसत नाही. दूध उतू गेलं तर सगळ्या घराला कळतं. ते रोज उतू जात नाही, त्यामागे कोण उभं असतं, हे कोण विचारतं?

गंमत म्हणजे ती मुळात गोल करणारीच होती. १९७५ साली जन्मलेली ख्रिस्टी न्यू जर्सी राज्यातल्या पॉइंट प्लेझंट नावाच्या समुद्रकाठच्या छोट्या गावात वाढली. शाळेत फुटबॉल, बास्केटबॉल, हॉकी तिन्ही खेळांत पुढे. मॉनमाउथच्या कॉलेजात गेली ती बास्केटबॉलच्या शिष्यवृत्तीवर! तिथे फुटबॉलमध्ये तिने ७९ गोल केले. पण १९९७ मध्ये राष्ट्रीय संघात बोलावणं आलं, तेव्हा प्रशिक्षक टोनी डिचिको यांनी तिला मागे, बचावफळीत उभं केलं. हातची कला बाजूला ठेवून नवं काम पहिल्यापासून शिकायचं! ती शिकली.

बाकावरून कर्णधारपदापर्यंत

१९९९ चा विश्वचषक अमेरिकेने घरच्या मैदानावर जिंकला. अंतिम सामन्याला ९० हजारांवर प्रेक्षक होते. ख्रिस्टी संघात होती, पण त्या दिवशी बाकावर बसून राहिली. पुढे बचावफळीत तिची जागा पक्की झाली. २००० च्या सिडनी ऑलिंपिकमध्ये रौप्य, २००४ मध्ये अथेन्सला सुवर्ण. २००५ मध्ये थोरली मुलगी झाली. आपल्याकडे इथे बहुतेक खेळाडू बायकांची गोष्ट संपते. 'खेळायची हो लग्नाआधी' एवढं एक वाक्य उरतं. ख्रिस्टीची गोष्ट तिथून रंगत गेली. २००८ मध्ये प्रशिक्षक पिया सुंडहागे यांनी एका लेकराच्या या आईला कर्णधार केलं आणि त्याच वर्षी बीजिंगला संघाने सुवर्णपदक मिळवलं.

पोटात बाळ, खांद्यावर संघ

२००९ चा प्रसंग तर ऐकण्यासारखा आहे. ख्रिस्टी तेव्हा व्यावसायिक लीगमध्ये स्काय ब्लू या क्लबकडून खेळत होती. एकाच हंगामात क्लबचे दोन प्रशिक्षक गेले. शेवटी खेळायचं आणि प्रशिक्षणही द्यायचं, अशी दोन्ही कामं तिच्याच गळ्यात पडली. संघ कसाबसा चौथा येऊन बाद फेरीत पोचला. मग आठ दिवसांत तीन सामने, तिन्ही परक्या मैदानांवर, आणि तिन्ही जिंकले! अंतिम सामन्यात लॉस एंजेलिसच्या बलाढ्य संघाला १-० असं हरवलं.

सामना संपल्यावर सगळ्यांना कळलं की, आपल्या कर्णधार-प्रशिक्षक बाईंना जवळजवळ तिसरा महिना सरत आला आहे! धाकटी लेक मार्च २०१० मध्ये जन्मली. (हे वाचून कुणी धडाधड उड्या मारायला जाऊ नका हं! शरीर ज्याचं त्याचं. डॉक्टरांना विचारल्याशिवाय काही नाही.)

सोय होती म्हणून...

आता माझ्या मते सगळ्यात महत्त्वाची गोष्ट. 'किती जिद्दीची बाई!' असं म्हणून आपण टाळ्या वाजवतो आणि मोकळे होतो. पण नुसत्या जिद्दीने बाळ सांभाळलं जात नाही. अमेरिकी संघात खेळाडू आयांना मुलं सोबत आणता येत, मुलं सांभाळणाऱ्या बाईची सोय होई. ही वाट ख्रिस्टीच्या आधीच्या आयांनी पाडली होती. तिच्यासारखीच बचावपटू असलेली जॉय फॉसेट तीन मुलींची आई. १९९५, १९९९ आणि २००३ अशा तीन विश्वचषकांत अमेरिकेच्या सामन्यांचं एकही मिनिट तिने सोडलं नाही! तान्ही पोर शिबिरात, आई मैदानात. एकीने मागून घेतलं, म्हणून दुसरीला मिळालं.

ख्रिस्टीची परीक्षा मात्र संपली नव्हती. गोचिडीच्या चाव्यातून पसरणारा लाइम आजार तिला जडल्याचं निदान झालं. यात थकवा येतो, सांधे दुखतात. आहार आणि विश्रांती सांभाळत ती खेळत राहिली. २०११ मध्ये विश्वचषकाच्या अंतिम सामन्यात जपानकडून पेनल्टीवर हार पत्करावी लागली. पुढच्याच वर्षी लंडनला त्याच जपानला २-१ ने हरवून तिने तिसरं ऑलिंपिक सुवर्ण घेतलं. तेव्हा ती होती ३७ वर्षांची, दोन मुलींची आई.

शेवटची चार मिनिटं

२०१५ साली कॅनडात विश्वचषक झाला. एव्हाना तरुण मुलींनी तिची जागा घेतली होती. कर्णधार तीच, पण बहुतेक वेळ बाकावर! खुर्ची न अडवता सासूने स्वयंपाकघर सुनेकडे सोपवावं आणि हाक आली की उठावं, तसं तिने ते निभावलं. ५ जुलैला जपानविरुद्धच्या अंतिम सामन्यात अमेरिका ५-२ ने पुढे असताना ८६ व्या मिनिटाला तिला हाक आली. वय ४० वर्षं. महिला विश्वचषकात एवढ्या वयाची खेळाडू तोवर उतरली नव्हती! १९९९ च्या संघातली मैदानावर उरलेली ती एकटीच.

नंतर चषक उंचावला तो दोघींनी मिळून. एक होती ॲबी वॉम्बाक, त्या वेळी आंतरराष्ट्रीय फुटबॉलमध्ये जगात सर्वाधिक गोल नावावर असलेली. आणि दुसरी, चार गोलांची आपली ख्रिस्टी!

निवृत्तीनंतर ती पुन्हा पिअर्स हे माहेरचं नाव लावू लागली. मुलांना खेळात कसं वाढवावं, यावर २०२० मध्ये तिने एका मेंदू-मानसतज्ज्ञ बाईंसोबत पुस्तक लिहिलं. २०२१ मध्ये अमेरिकेच्या फुटबॉल हॉल ऑफ फेमसाठी तिची निवड झाली.

आपल्या गल्लीतली एखादी सून कबड्डी किंवा खो-खोचं मैदान सोडून बसली असेल. तिला 'जिद्द ठेव गं' असं सांगणं सोपं आहे. त्यापेक्षा संध्याकाळी तासभर तिचं बाळ आपल्याकडे घेऊन बसू या का? त्याची नोंद कुठल्याच फलकावर होणार नाही. पण तोही बचावच, नाही का?