अंगावरून वारं गेलं… किती वाजता?

आमच्या गावाकडे हा निरोप नेहमी एकाच वाक्यात येतो. 'अमक्याच्या अंगावरून वारं गेलं.' ऐकणारा 'कोणती बाजू?' एवढंच विचारतो. 'उजवी' किंवा 'डावी' असं उत्तर मिळालं की पुढे बोलण्यासारखं काही उरत नाही. वारं आलं आणि गेलं. त्याला अडवणारे आपण कोण?

माझ्या आत्याचा निरोपही असाच आला होता. संकष्टीच्या दुसऱ्या दिवशी सकाळी सातच्या सुमारास तिच्या उजव्या हातातून कपबशी निसटली आणि जीभ जड झाली. उपास बाधला, पित्त चढलं असं समजून घरच्यांनी लिंबाचं सरबत पाजलं आणि तिला निजवलं. दुपारी कोमट तेलाने हातपाय चोळले. संध्याकाळी शेजारच्या गावातून लकव्याचं झाडपाल्याचं औषध देणारे गृहस्थ आले. सगळ्यांनी मनापासून धावपळ केली. दुसऱ्या दिवशी जिल्ह्याच्या ठिकाणी नेलं, तेव्हा डॉक्टरांनी आधी विचारलं, 'हे नेमकं किती वाजता सुरू झालं?' उत्तर ऐकून ते म्हणाले, 'काल दहाच्या आत आणलं असतं, तर गुठळी विरघळवायचं इंजेक्शन देता आलं असतं.'

पक्षाघातावर गेल्या तीस वर्षांत जे संशोधन झालं, त्याचा मोठा भाग डॉक्टरांच्या या एका प्रश्नाभोवती फिरतो. तो प्रश्न घराघरात माहीत असता, तर माझ्या आत्यासारख्या कितीतरी जणांचं पुढचं आयुष्य वेगळं झालं असतं.

मेंदूत काय घडतं

मेंदू शरीराच्या वजनाच्या जेमतेम 2 टक्के असतो, पण शरीराला मिळणाऱ्या प्राणवायूपैकी सुमारे 20 टक्के एकटा वापरतो. त्याच्याकडे शिल्लक जवळजवळ नसते. रक्त थांबलं की काही मिनिटांत पेशी मरू लागतात. रक्त दोन कारणांनी थांबतं. एक तर रक्तवाहिनीत गुठळी अडकते, नाहीतर रक्तवाहिनी फुटून मेंदूत रक्तस्राव होतो. मेंदूचा डावा भाग शरीराची उजवी बाजू चालवतो, उजवा भाग डावी. बहुतेकांच्या बोलण्याचं केंद्र डावीकडे असतं. म्हणून उजवी बाजू गेली की पुष्कळदा वाचाही जाते.

मुंबईत डॉ. पी. एम. दलाल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2005-06 मध्ये शहराचा एक ठरावीक भाग निवडून तिथल्या पहिल्यांदाच झालेल्या प्रत्येक पक्षाघाताची नोंद केली. अशा 456 रुग्णांपैकी सुमारे 80 टक्क्यांना गुठळीने झटका आला होता, तर सुमारे 18 टक्क्यांना रक्तस्रावाने. बाहेरून दोघेही सारखेच दिसतात. वाकडं तोंड तेच, लुळा हातही तोच. उपचार मात्र उलटे. गुठळी विरघळवणारं औषध रक्तस्राव झालेल्याला दिलं तर जिवावर बेतेल. कितीही अनुभवी डॉक्टर असला तरी सीटी स्कॅनशिवाय हा फरक त्याला खात्रीने सांगता येत नाही. त्यामुळे आधी जवळच्या दवाखान्यात सलाइन लावून बघू, मग ठरवू, असं म्हणण्यात हातची वेळ जाते. स्कॅनच्या आधी घरातली ॲस्पिरिनची गोळी देणंही याच कारणाने धोक्याचं.

पाट फुटल्यानंतर

शेतातला पाट मध्येच फुटला तर पाटाच्या भरवशावरचा वाफा आधी करपतो. त्याच्या कडेची रोपं, ज्यांना इकडून तिकडून थोडी ओल मिळते, ती माना टाकतात पण लगेच मरत नाहीत. पाणी वेळेवर वळवलं तर पुन्हा उभी राहतात. मेंदूत असंच होतं. गुठळीच्या ऐन पुढचा भाग लवकर मरतो. भोवतीचा भाग आजूबाजूच्या वाहिन्यांतून येणाऱ्या थोड्या रक्तावर काही तास तग धरतो. सारे उपचार असतात ते हा तग धरून बसलेला भाग वाचवण्यासाठी.

अमेरिकेतले मेंदूविकारतज्ज्ञ जेफ्री सेव्हर यांनी 2006 मध्ये या ऱ्हासाचा हिशेब मांडला. मोठी रक्तवाहिनी बंद झाली की दर मिनिटाला सरासरी 19 लाख मज्जापेशी मरतात. सरबत करायला पाच मिनिटं लागली असतील, तर तेवढ्यात 95 लाख.

गुठळी विरघळवणाऱ्या इंजेक्शनची निर्णायक चाचणी अमेरिकेत झाली आणि 1995 मध्ये प्रसिद्ध झाली. 624 रुग्णांच्या या चाचणीत तीन तासांच्या आत औषध मिळालेले रुग्ण तीन महिन्यांनी जवळजवळ पूर्ववत होण्याची शक्यता किमान 30 टक्क्यांनी जास्त दिसली. औषधाला धोकाही होता. मेंदूत गंभीर रक्तस्राव होण्याचं प्रमाण 0.6 टक्क्यांवरून 6.4 टक्क्यांवर गेलं. म्हणूनच डॉक्टर ते देण्याआधी इतकं विचारतात, इतकं तपासतात. 2008 मध्ये युरोपातल्या चाचणीने ही मुदत साडेचार तासांपर्यंत वाढवली. आता त्याच कुळातलं टेनेक्टेप्लेज हे औषध वापरात आलं आहे. ते एकदाच शिरेतून टोचता येतं, तासभर थेंबथेंब सोडत बसावं लागत नाही. लहान रुग्णालयासाठी ही मोठी सोय आहे, आणि पुण्यातली जेनोव्हा कंपनी हे औषध बनवते.

मोठ्या वाहिनीतली गुठळी मात्र इंजेक्शनने नेहमी विरघळत नाही. तिथे जांघेतल्या किंवा मनगटातल्या रक्तवाहिनीतून बारीक नळी मेंदूपर्यंत नेऊन गुठळी ओढून काढतात. हा उपाय खरोखर उपयोगी आहे का, याबद्दल बरीच वर्षं वाद होता. 2015 च्या सुमारास नेदरलँड्ससह वेगवेगळ्या देशांतल्या पाच चाचण्यांनी तो मिटवला. या चाचण्यांतल्या 1287 रुग्णांची माहिती एकत्र केल्यावर दिसलं, की साधारण अडीच-तीन जणांची गुठळी काढली की त्यातल्या एकाचं अपंगत्व निदान एका पायरीने कमी होतं. वैद्यकात इतका ठळक फायदा क्वचित दिसतो. 2018 मध्ये आणखी दोन चाचण्यांनी दाखवलं, की काही निवडक रुग्णांत हे 16 ते 24 तासांपर्यंतही करता येतं. ते 'निवडक' मात्र विसरू नये. ज्यांच्या मेंदूचा पुरेसा भाग स्कॅनमध्ये अजून जिवंत दिसतो, त्यांच्यासाठीच ही मुदत आहे. घरी वाट पाहायला मिळालेली ती सवलत नव्हे.

गडचिरोलीची 86 गावं

पक्षाघात हा शहरातल्या, बसून काम करणाऱ्या, तुपातलं खाणाऱ्या माणसांचा आजार, ही समजूत आपल्याकडे पक्की होती. तिला धक्का दिला गडचिरोलीने. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेत डॉ. योगेश कळकोंडे आणि सहकाऱ्यांनी 86 गावांतल्या सुमारे 94 हजार लोकवस्तीतला प्रत्येक मृत्यू दोन वर्षं नोंदवला. एप्रिल 2011 ते मार्च 2013 हा तो काळ. मृत्यू घरी झालेला, दाखल्यावर कारण नाही, डॉक्टरने पाहिलेलं नाही. मग कारण कळणार कसं? त्यासाठी प्रशिक्षित कार्यकर्ते त्या घरी गेले. शेवटच्या दिवसांत काय काय झालं, हात लुळा पडला होता का, बोलणं बंद झालं होतं का, ताप होता का, असं ठरलेल्या प्रश्नावलीने नातेवाइकांना विचारलं. त्या उत्तरांवरून डॉक्टरांनी कारण निश्चित केलं.

एकूण 1599 मृत्यूंपैकी 229 पक्षाघाताने झाले होते. म्हणजे 14.3 टक्के, आणि मृत्यूचं सर्वांत मोठं एकच एक कारण. भात लावणाऱ्या, मोहफुलं वेचणाऱ्या, दिवसभर उन्हात राबणाऱ्या माणसांचा हा जिल्हा. पक्षाघाताने गेलेल्यांपैकी 87 टक्क्यांहून अधिक माणसांचा शेवट घरीच झाला होता. जवळपास निम्मी माणसं झटका आल्यापासून महिनाभरात गेली.

मुंबईच्या नोंदणीत पहिल्या 28 दिवसांत दगावणाऱ्यांचं प्रमाण सुमारे 30 टक्के होतं, आणि तिथे दहातल्या जवळपास नऊ रुग्णांचा स्कॅन झाला होता. गडचिरोलीतली ही माणसं घरच्या खाटेवर गेली. त्यांच्यासाठी साडेचार तासांची मुदत कागदावरच होती. अशा ठिकाणी इंजेक्शनइतकीच, किंबहुना जास्त, मदार झटका येऊच न देण्यावर ठेवावी लागते.

झटक्याच्या कितीतरी आधी

झटका क्षणात येतो, पण त्याची तयारी वर्षानुवर्षं चाललेली असते. 'इंटरस्ट्रोक' या 32 देशांतल्या, सुमारे 27 हजार लोकांच्या अभ्यासाचे निष्कर्ष 2016 मध्ये आले. भारतही त्यात होता. बदलता येण्याजोग्या दहा गोष्टी मिळून सुमारे 90 टक्के पक्षाघातांमागे असतात, असं त्यात दिसलं. उच्च रक्तदाब, व्यायामाचा अभाव, रक्तातली चरबी, आहार, पोटाचा घेर, मनावरचा ताण, धूम्रपान, हृदयविकार, दारू आणि मधुमेह. यांत रक्तदाब एकटा जवळजवळ निम्म्या पक्षाघातांना जबाबदार ठरतो.

गंमत म्हणजे रक्तदाब दुखत नाही. त्यामुळे 'मला काही होत नाही' म्हणणारा माणूस निर्धास्त असतो, आणि 'गोळी एकदा सुरू केली की सवय लागते' या भीतीने ती सुरूच करत नाही, किंवा बरं वाटलं की बंद करतो. वरचा रक्तदाब 10 अंकांनी उतरवला तर पक्षाघाताचा धोका सुमारे 27 टक्क्यांनी कमी होतो, हे अनेक चाचण्यांच्या एकत्रित अभ्यासाने दाखवलं आहे. त्या गोळ्या महाग नाहीत, सरकारी आरोग्य केंद्रांत मोफत मिळतात. रक्तदाब नियंत्रणाचा राष्ट्रीय उपक्रम ज्या पाच राज्यांत आधी सुरू झाला, त्यांत महाराष्ट्र होता. तंबाखूचा धोकाही तसाच. विदर्भात तंबाखू-सुपारीचा खर्रा हातोहात फिरतो. चघळायच्या तंबाखूचा संबंधही पक्षाघाताने होणाऱ्या मृत्यूंशी दिसून आला आहे. गडचिरोलीत दारू आणि तंबाखू कमी करण्यासाठी 2016 पासून 'मुक्तिपथ' हे अभियान चालू आहे, आणि मेंदूच्या आरोग्याचं ते खरं काम आहे.

काही वेळा शरीर आगाऊ सूचना देतं. हात दहा मिनिटं बधिर पडतो, बोबडी वळते, आणि मग सगळं ठीक होतं. 'गेलं बाबा एकदाचं' म्हणून लोक कामाला लागतात. ऑक्सफर्डमधल्या 2007 च्या अभ्यासात अशा रुग्णांना, आणि ज्यांना सौम्य झटका आला होता त्यांनाही, काही दिवसांनी नव्हे तर तातडीने तपासून औषध सुरू केलं, तेव्हा पुढच्या 90 दिवसांत पक्षाघात होण्याचं प्रमाण 10.3 टक्क्यांवरून 2.1 टक्क्यांवर आलं. म्हणून आपोआप बरा झालेला झटकाही त्याच दिवशी दाखवायचा.

जगल्यानंतरचं जगणं

आत्या वाचली. पण तिला काहीही म्हणायचं असलं, तरी तोंडातून 'दे दे' एवढंच येई. पाणी हवं असलं तरी 'दे दे', नातवावर रागावली तरी 'दे दे'. डोकं गेलं, असं लोक समजले. तिला सगळं कळत होतं. भाषा बाहेर येण्याची वाट तेवढी बंद झाली होती. नवल म्हणजे लहानपणी पाठ झालेल्या जात्यावरच्या ओव्या मात्र ती सुरात, शब्दांसकट म्हणे. त्याचंही कारण आहे. सुरात बांधलेले, पाठ असलेले शब्द मेंदूच्या इतर भागांतूनही वाट काढतात, आणि त्याचाच आधार घेऊन वाचा परत आणण्याची एक उपचारपद्धती 1970 च्या दशकात अमेरिकेत तयार झाली. वाचा-उपचार नावाची गोष्ट असते, हे आमच्या घरात कुणाला ठाऊक नव्हतं.

आपल्याकडे ही सगळी सेवा घरच्यांवर, त्यातही बायकोवर, सुनेवर, मुलीवर येते. घरच्यांनाच व्यायाम शिकवून तज्ज्ञांची उणीव भरून काढता येईल का, हे लुधियानाचे डॉ. जयराज पांडियन आणि सहकाऱ्यांनी भारतातल्या 14 केंद्रांत, 1250 रुग्णांवर तपासलं. 2017 मध्ये निष्कर्ष आला. सहा महिन्यांनी, घरच्यांना शिकवलेल्या आणि न शिकवलेल्या, दोन्ही गटांत 47 टक्के रुग्ण दगावले होते किंवा परावलंबी होते. काहीच फरक पडला नव्हता. मला हा निष्कर्ष फार मोलाचा वाटतो. सेवा करूनही माणूस उभा राहिला नाही म्हणून मनात कुढणाऱ्या प्रत्येक सुनेला तो सांगायला हवा. माया प्रशिक्षित फिजिओथेरपिस्टची जागा घेऊ शकत नाही. असे फिजिओथेरपिस्ट तालुक्याच्या रुग्णालयात असायला हवेत. घाईही नडते. 2,104 रुग्णांच्या एका आंतरराष्ट्रीय चाचणीत पहिल्या 24 तासांतच वारंवार उठवून चालवलेल्यांची प्रगती उलट थोडी कमी झाली. कधी, किती उठवायचं, हे जाणकाराला ठरवू द्यावं.

निरोप आला तर

हसायला सांगा, तोंड एका बाजूला ओढलं जातं का पाहा. दोन्ही हात वर करायला सांगा. एक खाली पडतो का पाहा. साधं वाक्य म्हणायला सांगा. शब्द अडखळतात का ऐका. अचानक तोल जाणं, एका डोळ्याने दिसेनासं होणं, हीही लक्षणंच. यातलं एक जरी दिसलं, तरी 108 ला फोन करा आणि जिथे चोवीस तास सीटी स्कॅन होतो अशाच रुग्णालयात न्या. ते रुग्णालय कोणतं, हे आजच विचारून ठेवा. पाणीसुद्धा पाजू नका. गिळण्याची ताकद गेलेली असेल तर ते फुप्फुसात जातं. माणूस झोपेतून उठतानाच असा आढळला, तर रात्री शेवटचा धडधाकट कधी पाहिला, ती वेळ सांगा.

आत्या जाऊन आता बरीच वर्षं झाली. अजूनही गावाकडून तसा निरोप येतो, आणि अजूनही कुणीतरी 'कोणती बाजू?' असं विचारतं. बाजू डॉक्टरांना दिसतेच. घरच्यांशिवाय कुणालाच सांगता येणार नाही अशी एकच गोष्ट असते. म्हणून मी आता फोन उचलला की आधी विचारते, 'किती वाजता?' आणि उत्तर यायच्या आत सांगते, 'गाडी काढा.'