उधाण गाठायला निघालेले पक्षी

अमेरिकेतल्या न्यू जर्सी राज्याचा नकाशा पाहिला की दक्षिणेला एक निमुळतं टोक समुद्रात शिरलेलं दिसतं. पूर्वेला अटलांटिक महासागर, पश्चिमेला डेलावेअर नदीचा उपसागर आणि मधे सपाट, पाणथळ जमीन. हे केप मे. राज्याच्या लांबीभर धावणाऱ्या गार्डन स्टेट पार्कवेचा शून्य मैल इथलाच. एडिसनच्या आसपास राहणारी मराठी कुटुंबं उन्हाळ्यात इथे येतात ती पोहायला आणि १८५९ सालच्या दीपगृहाच्या १९९ पायऱ्या चढायला. पक्षी पाहणाऱ्यांच्या जगात मात्र या टोकाचं नाव आपल्या भरतपूरसारखं घेतलं जातं. केप मे काउंटीत आजवर चारशेहून अधिक जातींचे पक्षी नोंदले गेले आहेत.

हे नाव झालं ते पानगळीच्या मोसमात. सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये कॅनडा आणि न्यू इंग्लंडकडचे पक्षी दक्षिणेला निघतात. वायव्येचा वारा त्यांना किनाऱ्याकडे ढकलतो. समुद्रावर जायचं नसतं, म्हणून ते किनारा धरून उतरत राहतात. जमीन दोन्ही बाजूंनी अरुंद होत जाते आणि शेवटी पुढ्यात फक्त पाणी उरतं. उपसागराचं तोंड ओलांडायला इथली फेरीबोट सुमारे २७ किलोमीटर अंतर कापते. पुढे जावं की वाऱ्याची वाट पाहावी, या विचारात ससाणे, शिक्रे, घुबडं, चिमुकले किडेखाऊ पक्षी टोकावर दाटी करतात. एकेकाळी शिकारी याच दाटीचा फायदा घेत आणि रस्त्यात उभे राहून शिकारी पक्ष्यांवर बार टाकत. पुढे बंदुका गेल्या. १९७६ मध्ये केप मे पक्षी वेधशाळा सुरू झाली आणि तेव्हापासून इथे शिकारी पक्ष्यांची शिस्तशीर मोजणी होते.

वसंतात हे गणित उलटं होतं. पक्षी दक्षिणेकडून येतात, त्यामुळे टोक दाटीचं ठिकाण राहत नाही. बरेच पक्षी मुख्य भूमीवरूनच उत्तरेला निघून जातात. म्हणून ‘एप्रिल-मेमध्ये केप मेला काय पाहायचं?’ असा प्रश्न कुणी विचारला तर तो अगदी गैर नाही. उत्तर असं, की पानगळीत इथे जागा काम करते आणि वसंतात वेळ. चार-सहा आठवड्यांत वारा, पाण्याचं तापमान आणि चंद्राच्या तिथी जुळून याव्या लागतात. जुळल्या तर असं दृश्य दिसतं की पानगळीचा थाट त्यापुढे फिका पडावा.

सुरुवात मार्चमध्येच होते. ऑस्प्रे, म्हणजे आपल्याकडे हिवाळ्यात धरणांवर आणि खाड्यांवर दिसणारा मासेमार शिकारी पक्षी, दक्षिण अमेरिकेतून परततो आणि खाजणातल्या खांबांवर उभारलेल्या मचाणांवर काटक्या रचू लागतो. आज तो इतका सर्रास दिसतो की नवख्याला त्याचं अप्रूप वाटत नाही. पण डीडीटी या कीटकनाशकामुळे अंड्यांची कवचं पातळ होऊन फुटू लागली आणि १९७० च्या दशकात या राज्यात ऑस्प्रेची जेमतेम पन्नास घरटी उरली होती. १९७२ मध्ये डीडीटीवर बंदी आली. चेसापीक उपसागराकडची अंडी आणून इथल्या घरट्यांत ठेवली गेली. आता राज्यातल्या घरट्यांची संख्या सातशेच्या वर आहे.

मग गाणाऱ्या पक्ष्यांची पाळी. हे पक्षी बहुतेक रात्री प्रवास करतात. नैर्ऋत्येचा उबदार वारा सुटला की संध्याकाळनंतर लाखोंनी उडतात आणि पावसाचा अंदाज देणाऱ्या रडारच्या पडद्यावर त्यांचे ढग उमटतात. कॉर्नेल विद्यापीठाची प्रयोगशाळा या रडारच्या आधारे ‘आज रात्री कुठे किती पक्षी उडतील’ याचा अंदाज रोज जाहीर करते. अशा रात्रीनंतर पहाटे हिग्बी बीचच्या झाडीत उभं राहिलं तर लालभडक अंगाचे, काळ्या पंखांचे स्कार्लेट टॅनेजर दिसतात, नारिंगी ओरिओल दिसतात, आणि नावं आठवता आठवता तारांबळ उडावी इतके वॉर्बलर. दक्षिणेचा वारा जरा जोरात असला तर काही जण मुक्काम चुकून पुढेही येतात. एरवी दक्षिणेकडच्या राज्यांत राहणारी मिसिसिपी घार मे अखेरीला इथे घिरट्या घालताना दिसते ती अशीच.

यातल्या एका वॉर्बलरची गंमत सांगायलाच हवी. १८११ च्या मे महिन्यात जॉर्ज ऑर्ड यांनी इथल्या दलदलीत एक पिवळा, तांबूस गालांचा पक्षी टिपला. त्यांचे मित्र, अमेरिकेतल्या पक्षिशास्त्राचा पाया घालणारे अलेक्झांडर विल्सन, यांनी त्याचं वर्णन लिहिलं आणि नाव दिलं ‘केप मे वॉर्बलर’. हा पक्षी कॅनडाच्या सूचिपर्णी जंगलात घरटी करतो आणि हिवाळा कॅरिबियन बेटांवर काढतो. त्या दिवसानंतर केप मेमध्ये त्याची पुढची नोंद झाली ती शंभरावर वर्षांनी, १९२० मध्ये!

मेच्या दुसऱ्या आठवड्याच्या सुमारास इथे एक स्पर्धाही भरते. मध्यरात्रीपासून मध्यरात्रीपर्यंत, चोवीस तासांत न्यू जर्सीत जास्तीत जास्त जाती कोण पाहतो किंवा ऐकतो, अशी. १९८४ मध्ये पीट डन यांनी ती सुरू केली. पहिल्या वर्षी जिंकलेल्या संघात रॉजर टोरी पीटरसन होते. खिशात मावणाऱ्या पक्षी-मार्गदर्शकांचं युग ज्यांनी आणलं, तेच हे. एका दिवसात दोनशेच्या वर जाती त्यांच्या संघाने नोंदवल्या होत्या. स्पर्धेच्या निमित्ताने संवर्धनासाठी निधी जमतो, हा तिचा खरा उपयोग.

पण वसंतातल्या केप मेचा आत्मा झाडीत नाही, उपसागराच्या बाजूला आहे. रीड्स बीच, कुक्स बीच, किंबल्स बीच अशा साध्या, अरुंद, कुणी सहज वाट वाकडी करून जाणार नाही अशा किनाऱ्यांवर.

मे महिन्याच्या पौर्णिमेला आणि अमावास्येला उधाणाची भरती आली की पाण्यातून हॉर्सशू क्रॅब बाहेर येऊ लागतात. घोड्याच्या नालासारखं तपकिरी कवच आणि मागे भाल्यासारखी शेपटी. नावात खेकडा असला तरी नातं कोळी आणि विंचवांशी जवळचं. या कुळाचे जीवाश्म ४४ कोटी वर्षांपूर्वीचे आहेत, म्हणजे डायनोसॉर आले आणि गेले त्याच्याही कितीतरी आधीपासून हे प्राणी समुद्रात आहेत. मादी मोठी, नर लहान. नर मादीच्या कवचाला मागून घट्ट धरून असतो आणि ती त्याला ओढत वाळूवर आणते. भरतीच्या रेषेजवळ ती वाळूत वीतभर खाली हिरवट अंड्यांचा पुंजका सोडते. एका पुंजक्यात साधारण चार हजार अंडी. एका मोसमात एक मादी ऐंशी हजारांच्या आसपास अंडी घालते.

लाटेच्या तडाख्याने काही जण उताणे पडतात. मग शेपटी वाळूत रोवून, पाय झाडत पालथं होण्याची त्यांची धडपड सुरू होते. जमलं नाही तर सकाळी उन्हात मरण किंवा कुरव पक्ष्यांची चोच. मोसमात इथे स्वयंसेवक परवानगी घेऊन रात्री किनाऱ्यावर फिरतात आणि उताणे पडलेले क्रॅब सुलटे करतात. शेपटीला धरून उचलायचं नाही, कवचाच्या दोन्ही कडांना धरायचं, हा पहिला धडा.

नेमक्या याच दिवसांत रेड नॉट इथे उतरतात. साळुंकीएवढा, वसंतात विटकरी लाल छातीचा हा किनारपक्षी. त्यांतले काही ब्राझीलच्या उत्तर किनाऱ्यावर किंवा फ्लोरिडात हिवाळा काढतात, पण सर्वांत लांबचे थेट दक्षिण अमेरिकेच्या टोकावरून, टिएरा देल फुएगोहून येतात. जायचं असतं कॅनडाच्या आर्क्टिक टुंड्रात. एका दिशेचा प्रवास सुमारे १५,००० किलोमीटर. एका नॉटच्या पायाला बसवलेल्या चिमुकल्या यंत्रावरून कळलं की तो सलग सहा दिवस न थांबता सुमारे ८,००० किलोमीटर उडाला होता.

एवढ्या उड्डाणासाठी पक्ष्याचं शरीर स्वतःचंच सामान कमी करतं. पोट, आतडी, कोठा असे त्या काळात नको असलेले अवयव आक्रसतात. त्यामुळे पोचल्यावर शिंपल्यासारखं कडक खाणं पचत नाही. हवं असतं मऊ, चरबीयुक्त, ढिगाने मिळणारं अन्न, आणि तेही लगेच. हॉर्सशू क्रॅबची अंडी म्हणजे नेमकं तेच. सव्वाशे ग्रॅमच्या आत वजन घेऊन आलेला पक्षी दोन-अडीच आठवड्यांत १८० ग्रॅमच्या वर जातो. हा आकडा संशोधकांना महत्त्वाचा वाटतो, कारण यापेक्षा हलके निघालेले पक्षी पुढच्या वर्षी कमी संख्येने दिसतात. टुंड्रात पोचतात तेव्हा तिथे अजून बर्फ असतं, आणि पहिले काही दिवस अंगावरच्या चरबीवरच काढायचे असतात.

इथे एक बारकावा आहे. नॉटची चोच आखूड, वीतभर खोल गेलेली अंडी तिला खणून काढता येत नाहीत. वर येतात ती लाटांनी आणि नंतर आलेल्या माद्यांनी उकरलेली अंडी. म्हणजे माद्या इतक्या प्रचंड संख्येने यायला हव्यात की त्यांनी एकमेकींची अंडी उधळावीत. थोड्या आल्या तर क्रॅबचा वंश चालेल, पण पक्ष्यांना घास मिळणार नाही.

१९९० च्या दशकात नेमकं हेच घडलं. ईल आणि शंखाच्या मासेमारीत आमिष म्हणून हॉर्सशू क्रॅब वापरले जाऊ लागले. दशकाच्या शेवटी अटलांटिक किनाऱ्यावर वर्षाला वीस लाखांहून अधिक पकडले जात. क्रॅब प्रौढ व्हायला नऊ-दहा वर्षं लागतात, तेव्हा खड्डा भरून निघायलाही तेवढाच काळ जातो. १९८० च्या दशकात या उपसागरावर ९०,००० च्या आसपास नॉट दिसत. विसाव्या शतकाबरोबर तो काळ संपला आणि संख्या १५,००० च्या घरात आली. न्यू जर्सीने २००८ मध्ये क्रॅब पकडण्यावर बंदी घातली. २०१३ पासून उपसागरातल्या माद्या आमिषासाठी पकडायला आंतरराज्य मत्स्य आयोगही परवानगी देत नाही. २०१४ च्या डिसेंबरात नॉटच्या या उपजातीला अमेरिकेच्या कायद्याने संकटग्रस्त ठरवलं. न्यू जर्सीचे किनारे आता मेच्या पहिल्या आठवड्यापासून महिनाभर माणसांना बंद असतात आणि दोरीमागूनच पाहावं लागतं. नाराज होणारे होतात, पण हा निर्णय योग्यच म्हणावा लागेल. कुत्रा सोडला की हजार पक्षी उडतात आणि अर्ध्या तासाचं खाणं वाया जातं.

या गोष्टीतलं एक टोक आपल्या घरातही येतं. हॉर्सशू क्रॅबचं रक्त तांब्यामुळे निळं असतं आणि जिवाणूंच्या विषाचा अंश लागला तरी ते गोठतं. १९५६ मध्ये फ्रेडरिक बँग यांनी हे नोंदवलं, पुढे जॅक लेव्हिन यांच्यासोबत त्याची चाचणी तयार झाली. लस, इंजेक्शन, सलाइन शुद्ध आहे का, हे अनेक वर्षं या रक्ताच्या अर्काने तपासलं गेलं. रक्त काढून प्राणी परत सोडतात, पण काही मरतात. मत्स्य आयोग हे प्रमाण १५ टक्के धरतो. आता सिंगापूरमध्ये विकसित झालेल्या तंत्राने बनवलेलं कृत्रिम द्रव्य उपलब्ध आहे. युरोपने ते २०२१ पासून आणि अमेरिकेच्या औषध-प्रमाण संस्थेने २०२५ पासून अधिकृत मान्य केलं. पर्याय हाताशी असताना कंपन्यांनी सवयीपोटी रक्तच वापरत राहावं, याला सबब उरलेली नाही.

सगळं माणसाच्या हातात आहे असंही नाही. २०१२ च्या ऑक्टोबरात सँडी वादळाने इथल्या किनाऱ्यांची वाळू वाहून नेली. पुढच्या मेआधी ट्रकने वाळू आणून टाकली गेली तेव्हा कुठे क्रॅबना अंडी घालायला जागा मिळाली. २०२० मध्ये थंडी लांबली, पाणी १५ अंशांवर जायला उशीर झाला, क्रॅब उशिरा आले. पक्षी मात्र वेळेवर. पुढच्या वर्षीच्या मोजणीत नॉट सात हजारांच्याही खाली आढळले. नंतर संख्या थोडी सावरली, पण जुन्या दिवसांच्या जवळपासही नाही.

नॉटच्या प्रवासाची सगळ्यांत प्रसिद्ध साक्ष एका पक्ष्याच्या पायावर होती. १९९५ मध्ये टिएरा देल फुएगोच्या रिओ ग्रांदेजवळ एका नॉटला खूण केली गेली. पुढे त्याला केशरी पट्टी मिळाली, तीवर ‘बी ९५’. पृथ्वी ते चंद्र आणि परतीची जवळपास अर्धी वाट होईल इतकं अंतर तो आयुष्यात उडाला, म्हणून लोक त्याला ‘मूनबर्ड’ म्हणू लागले. २०१४ च्या मे महिन्यात तो डेलावेअर उपसागरावर पुन्हा दिसला. तेव्हा तो किमान वीस वर्षांचा होता.

न्यू जर्सीत राहणाऱ्यांनी मेचा तिसरा-चौथा आठवडा राखून ठेवावा आणि रीड्स बीचच्या मचाणावरून, दुर्बीण घेऊन, दोरीच्या अलीकडे थांबून हा सोहळा पाहावा. महाराष्ट्रात राहणाऱ्यांनाही फार लांब जायला नको. ठाण्याच्या खाडीत आणि कोकणच्या खाजणांत हिवाळाभर करडे दिसणारे कर्ल्यू सँडपायपर एप्रिलमध्ये विटकरी रंग धरतात आणि सैबेरियाला निघतात. नॉटचं जे अमेरिकेत, तेच यांचं इथे. तिथीची पाऊणपट करून भरतीची वेळ काढायचा आपला जुना हिशेब वापरावा, भरतीच्या दोन तास आधी काठावर पोचावं, आणि पाणी चढेल तसे पक्षी स्वतःहून जवळ येतील, तेव्हा त्यांच्या मागे धावू नये.