वंगणपटलातील पोकळीभवन

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस हिंगणघाट व पुलगाव येथे कापडगिरण्या उभ्या राहिल्या. अशा गिरणीतील फिरत्या दंडाचा भार धारव्यातील, म्हणजे बेअरिंगमधील, तेलाच्या पटलावर तोलला जातो. फट निमुळती होते तेथे पटलाचा दाब वाढतो. रुंदावते तेथे घटतो. रेनॉल्ड्‌सच्या समीकरणाचे (१८८६) झोमरफेल्टने १९०४ मध्ये काढलेले उत्तर तेथे तितकाच ऋण दाब दाखविते. परंतु तेल असा ताण सहसा सोशीत नाही. विरघळलेली हवा सुटून पटल तुटते. म्हणूनच दंड केवळ भाराच्या काटकोनात न सरकता भाराच्या दिशेनेही सरकतो. स्विफ्ट (१९३२) व श्टीबर (१९३३) यांनी तुटीच्या सीमेवर दाबाचा उतारही शून्य धरला. तथापि पटल पुन्हा जुळते तेथील वस्तुमानाचा मेळ याकोबसन व फ्लोबर्ग यांनी १९५७ मध्ये घातला. धारव्यास किती तेल पुरवावे, हे या मेळाविना अचूक ठरविता येत नाही.