जर्मनीत शिक्षण फुकट असतं?

बारावीचा किंवा इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाचा निकाल लागला, की 'जर्मनीला पाठवा, तिथं सगळं फुकट आहे' हा सल्ला घरोघरी ऐकू येतो. देणाऱ्याचा हेतू चांगलाच असतो. पण त्यावर विसंबून आईवडील पैशांची जुळवाजुळव करतात, आणि व्हिसाची वेळ आली की त्यांची झोप उडते.

आधी यातलं खरं तेवढं सांगतो. जर्मनीतल्या बहुतेक सरकारी विद्यापीठांत बॅचलरला आणि त्याच विषयात पुढे केलेल्या मास्टर्सला शिकवण्याची फी नाही, परदेशी मुलांनाही नाही. दर सत्राला साधारण शंभर ते साडेतीनशे युरो भरावे लागतात आणि बऱ्याच ठिकाणी त्यातच बस-रेल्वेचा पास मिळतो. जर्मन करदात्यांच्या पैशावर चाललेली ही सोय फार मोठी आहे.

पण शिक्षण हा तिथं राज्यांचा विषय आहे, त्यामुळे देशभर एकच नियम नाही. स्टुटगार्ट, हायडेलबर्ग, कार्ल्सरुह ही शहरं ज्या राज्यात येतात, त्या बाडेन-व्युर्टेम्बर्गमध्ये युरोपीय संघाबाहेरच्या विद्यार्थ्यांना २०१७ पासून दर सत्राला १,५०० युरो फी आहे. म्युनिकच्या तांत्रिक विद्यापीठानं २०२४-२५ च्या हिवाळी सत्रापासून अशा नव्या विद्यार्थ्यांना फी लावली. मास्टर्सला ती सत्राला ४,००० ते ६,००० युरो आहे. एमबीएसारख्या अभ्यासक्रमांना तर सरकारी विद्यापीठंही फी घेतात.

आणि फी नसली म्हणून राहणं-खाणं फुकट होत नाही. व्हिसासाठी वर्षभराच्या खर्चाची तरतूद दाखवावी लागते. बहुतेक मुलं त्यासाठी ब्लॉक्ड अकाउंट उघडतात. सप्टेंबर २०२४ मध्ये ही रक्कम ११,९०४ युरो झाली. युरो शंभर रुपयांच्या आसपास धरला तर जवळपास बारा लाख रुपये, तेही जाण्याआधी. हे पैसे सरकारजमा होत नाहीत, ते विद्यार्थ्याचेच असतात. महिन्याला ९९२ युरो याप्रमाणे ते परत हातात येतात. मात्र त्यातूनच भाडं, जेवण आणि सक्तीचा आरोग्य विमा भागवायचा असतो. म्युनिकसारख्या शहरात निम्म्याहून अधिक रक्कम एका खोलीच्या भाड्यातच जाऊ शकते.

संताप येतो तो याच्या पुढच्या प्रकाराचा. 'फुकट जर्मनी'ची जाहिरात वाचून मूल सल्लागाराकडे जातं आणि त्याच्यापुढे खासगी विद्यापीठाचं माहितीपत्रक ठेवलं जातं. वर्षाची फी दहा-बारा लाख! जर्मनीत खासगी विद्यापीठं आहेत, त्यांतली काही चांगलीही आहेत, पण फुकट नाहीत. प्रवेशामागे कमिशन मिळत असेल तर सल्ला कुणीकडे झुकणार, हे पालकांनी ओळखायला हवं. खातरजमा करायला कुणाला पैसे द्यावे लागत नाहीत. डीएएडी या जर्मन संस्थेच्या संकेतस्थळावर अभ्यासक्रमांची सूची आहे, तीत फी आणि शिकवण्याची भाषा दोन्ही दिलेली असतात. जर्मन संस्थेला सरकारी मान्यता आहे का, ते 'होखशूलकॉम्पास' या तिथल्या विद्यापीठांच्या परिषदेच्या संकेतस्थळावर दिसतं. कृपा करून पैसे भरण्याआधी या दोन जागा पाहा.

बाकीचे समज थोडक्यात. 'पार्टटाइम काम करून सगळं निघतं': मार्च २०२४ पासून वर्षाला १४० पूर्ण किंवा २८० अर्धे दिवस काम करता येतं, पण त्या कमाईच्या भरवशावर व्हिसा मिळत नाही. 'बारावीनंतर थेट प्रवेश': केवळ बारावीवर तो सहसा मिळत नाही, भारतात पदवीचं एक वर्ष, जेईई अ‍ॅडव्हान्स्ड किंवा तिथलं श्टुडिएनकॉलेग म्हणजे प्रवेशपूर्व तयारीचा वर्ग, यांपैकी एक वाट धरावी लागते. 'इंग्रजी पुरे': इंग्रजीतून मास्टर्स भरपूर आहेत, पण बॅचलर बहुतांशी जर्मनमधून, आणि दुकानातल्या कामापासून नोकरीच्या मुलाखतीपर्यंत जर्मन लागतंच. पुण्या-मुंबईत जर्मन शिकवणारं मॅक्सम्युलर भवन आहे, तिथं निघण्याच्या बऱ्याच आधी नाव घाला. 'कागदपत्रं नंतर पाहू': भारतीयांना नोव्हेंबर २०२२ पासून व्हिसासाठी एपीएस, म्हणजे शैक्षणिक कागदपत्रांच्या पडताळणीचं प्रमाणपत्र सक्तीचं आहे. 'डिग्री झाली की लगेच परत': नोकरी शोधायला अठरा महिन्यांपर्यंतचा परवाना मिळतो.

'एकदा प्रवेश मिळाला की पास होतोच' हा समज सगळ्यांत महागात पडतो. तिथं एका विषयाच्या परीक्षेला ठरावीकच संधी असतात, बऱ्याच ठिकाणी तीन. शेवटचीही हुकली तर तो अभ्यासक्रम सोडावा लागतो आणि बहुधा दुसऱ्या जर्मन विद्यापीठातही तोच पुन्हा घेता येत नाही. परीक्षेचे नियम प्रत्येक अभ्यासक्रमाच्या पानावर असतात. अर्ज करण्याआधी तेही वाचून घ्या.